तिसऱ्या घंटेआधीची पाच मिनिटे

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र शासन, मुंबई

सन्माननीय महोदय,


मागणी आधी सांगते, कारणे मागाहून. निवेदनाच्या चौथ्या पानावरची मागणी कुणी वाचत नाही, हे आमच्या खान्देशात सगळ्यांना पाठ आहे.

आपल्या विभागाची हौशी राज्य नाट्य स्पर्धा दरवर्षी जळगावसह राज्यातल्या अनेक केंद्रांवर होते. बालनाट्य स्पर्धाही होते. या केंद्रांवर तिसरी घंटा होण्याआधी पाच मिनिटे, त्याच भागातल्या विद्यार्थ्यांनी केलेली एक छोटी ॲनिमेशन फिल्म दाखवावी. मागणी एवढीच. नवे भवन नको, अकादमी नको, कोनशिला तर नकोच. एक पडदा आणि एक प्रोजेक्टर पुरे.

मी मूळची धुळ्याची, ॲनिमेशन शिकते जळगावात. मधले नव्वदेक किलोमीटर एसटीने जाता-येता पारोळ्याच्या आणि एरंडोलच्या स्टँडवर बसून मी बरीच स्केचबुके भरली आहेत. गाडीची वाट बघणारी माणसे चित्रकाराला फुकट मिळतात. ती हलतात, पण फार लांब जात नाहीत.

2025च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळाने एव्हीजीसी-एक्सआर धोरण मंजूर केले तेव्हा आमच्या वर्गात पेढे वाटायचेच बाकी होते. ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक्स, सगळे एका छत्राखाली. 2050पर्यंतचा विचार, 3,268 कोटींचा आराखडा, पन्नास हजार कोटींची गुंतवणूक आणि दोन लाख रोजगार आणण्याचे उद्दिष्ट. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत दृकश्राव्य मनोरंजन क्षेत्राची वेव्हज परिषद झाली होती, पाठोपाठ इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्था मुंबईतच सुरू झाली. आमच्या घरी धोरणाची बातमी मोठ्याने वाचली गेली. त्या दिवसापर्यंत पाहुण्यांना "पोरगी कार्टून काढते" असे सांगितले जायचे, त्यानंतर "पोरगी ॲनिमेशनला आहे" असे सांगितले जाऊ लागले. याबद्दल मी शासनाचे मनापासून आभार मानते, यात उपरोध नाही.

पण त्या दोन लाख रोजगारांत आमच्या वाट्याला काय येणार, याचा अंदाज आम्हाला आहे. आमच्याकडून शिकून निघालेली मुले पुण्या-मुंबईच्या नाहीतर हैदराबादच्या स्टुडिओत लागतात. तिथे रोटो असते, पेंट असते, क्लीनअप असते. म्हणजे परदेशी सिनेमातल्या नटाच्या कडेने फ्रेममागून फ्रेम रेघ ओढायची, त्याला हवेत धरून ठेवणारी तार पुसून टाकायची. काम कष्टाचे आहे, नजर मागणारे आहे आणि त्यावर घरे चालतात. उद्या कदाचित मीही तेच करीन. फक्त त्या कामात "तुला काय सांगायचे आहे?" असे कुणी विचारत नाही. छोटी फिल्म करायला बसले की पहिल्याच दिवशी हा प्रश्न समोर येऊन बसतो आणि त्यातून सुटका नसते.

माझी फिल्म मांड्यांवर आहे. मंत्रालय मुंबईत, म्हणून थोडे सविस्तर सांगते. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे खापरावरचे मांडे होतात. पोळपाट नाही, लाटणे नाही. सैल मळून तेलाने मऊ केलेल्या कणकेच्या गोळ्यात पुरण भरायचे, तो गोळा थापून हातांवर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर झुलवत वाढवायचा आणि कोपरापर्यंत आला की चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायचा. माझी आजी हे सगळे शेजारणीशी बोलता बोलता करते. यातले शेवटचे झुलवणे आणि टाकणे मला चार सेकंदांत बसवायचे होते. सेकंदाला चोवीस फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवले तर सेकंदाला बारा चित्रे, चार सेकंदांना अठ्ठेचाळीस.

चित्रे काढणे हा कष्टाचा भाग झाला. अवघड असते ते वजन. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी 1981 साली आलेल्या आपल्या पुस्तकात ॲनिमेशनची बारा तत्त्वे मांडली, ती जगभरच्या वर्गांत शिकवतात: चेंडू आपटला की चपटतो, उडी मारण्याआधी माणूस खाली दबतो, वगैरे. पुस्तकात ही तत्त्वे चेंडूवर आणि पिठाच्या पोत्यावर समजावतात. आमच्या चुलीपुढे ती निम्म्याहून जास्त एकाच वेळी चालू असतात. हात पुढे जातो तेव्हा मांडा मागेच राहतो, दोन-तीन चित्रांनंतर तो हाताला गाठतो, आणि त्याची खालची कड सगळ्यांत शेवटी पोचते. कापडही असेच लोंबते, पण कापड पुन्हा आखडत नाही; कणीक आखडते. मधे पुरण असल्यामुळे मधला भाग जड, म्हणून झोका मधून येतो, कडेने येत नाही. आणि खापरावर टाकण्याच्या अगदी आधी आजीचे खांदे किंचित मागे जातात. हे मागे जाणे तीन चित्रांत उरकले तर हात कसलेला वाटतो. तेच सहा चित्रांत केले तर बाई घाबरलेली वाटते.

मोबाईलवर चित्रण करून फ्रेम-फ्रेम पुढे सरकवले तर यातले फारसे हाती लागत नाही, कारण नेमका हलणारा हातच पुसट दिसतो. जवळ बसून पाहावे लागते, मधूनच हात घालून पाहावा लागतो आणि बोलणी खावी लागतात. "हळू कर, फाटी जाई ना!" हे आजीचे वाक्य फिल्ममध्ये जसेच्या तसे आहे. ते मला उद्देशून होते. बाकी आवाजाचे मुद्रण ही आमच्याकडे उन्हाळ्यातली वेगळीच शिक्षा. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो. कूलर बंद केला तर माणूस शिजतो आणि चालू ठेवला तर प्रत्येक वाक्यामागे कूलर घरघरतो. त्यामुळे आजीचा आवाज पहाटे घ्यायचा आणि संगणकाकडून चित्रे पक्की करून घ्यायचे काम, म्हणजे रेंडर, रात्री लावायचे, कारण दुपारी लॅपटॉपच मान टाकतो.

हे सगळे एआय दोन मिनिटांत करून देते, असे सांगणारे काका प्रत्येक लग्नात भेटतात. मी सांगून पाहिले. पोळी म्हटले की ते यंत्र लाटणे देते, गॅस देते आणि आजीला दात दाखवत हसायला लावते. खापर म्हटले की मडके देते. त्याचा दोष नाही. खान्देशातली अखाजी त्याला कुणी दाखवलेलीच नाही.

टेबलावर एक जग उभे करायची विद्या मात्र आमच्या मुलखाला नवी नाही. चाळीसगाव स्टेशनजवळ केकी मूस यांचे घर आहे, आता ते संग्रहालय झाले आहे. 1912 साली जन्मलेले हे पारशी छायाचित्रकार इंग्लंडात कला शिकून परतले आणि 1989च्या डिसेंबरात जाईपर्यंत, जवळजवळ अर्धशतक, घराबाहेर फारसे पडलेच नाहीत. त्यांचा विषय काढला की लोक हटकून पंजाब मेलची गोष्ट सांगतात: त्या गाडीने जी यायची होती आणि कधीच आली नाही तिची. असेल खरी. मला त्या गाडीपेक्षा त्यांच्या टेबलात रस आहे. टेबलटॉप फोटोग्राफी हे त्यांचे खास काम. हाताशी असलेल्या साध्या वस्तूंनी टेबलावर छोटे देखावे रचायचे आणि उजेड असा पाडायचा की फोटोत तो खरा मुलूख वाटावा. एक फोटो काढल्यावर त्यातली वस्तू केसभर सरकवून दुसरा काढला असता, मग तिसरा, तर ते स्टॉप मोशन झाले असते. चाळीसगावच्या त्या खोलीपासून ॲनिमेशन तेवढ्याच अंतरावर होते.

फरक असा, की फोटो भिंतीवर टांगता येतो. मूस घरात राहिले तरी फोटो भिंतीवर होते, बघणारा येऊन बघून जाई. फिल्मला भिंत पुरत नाही. कुणीतरी दिवे घालवून ती लावली, तर ती फिल्म. नाहीतर ती हार्ड डिस्कमधली एक फाईल.

म्हणून मला ॲनिमेशनच्या इतिहासात कलाकारांइतकाच पडदा कुणाचा होता याचा शोध घ्यावासा वाटतो. दादासाहेब फाळक्यांनी 1915 साली आगकाड्या एकेका फ्रेमगणिक सरकवून 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट केला. त्याआधी वाटाण्याच्या रोपाचे रोज थोडे थोडे चित्रण करून 'अंकुराची वाढ' केला होता आणि तो दाखवूनच 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसा उभा केला होता. म्हणजे आपल्या सिनेमाचा धनको पहिल्यांदा पाघळला तो एका रोपट्याच्या छोट्या फिल्मवर. फाळके आपल्या फिल्मा स्वतः घेऊन फिरत, दाखवत. पुढे 1948 साली फिल्म्स डिव्हिजन आले. 1956 साली तिथे कार्टून विभाग निघाला, डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवायला आले, राम मोहन यांच्यासारखे तरुण तिथे तयार झाले आणि 1957 साली जातककथेवरचा 'द बनियन डिअर' पुरा झाला. या फिल्मा लोकांनी पाहिल्या, कारण प्रत्येक थिएटरला मुख्य सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनचा लघुपट दाखवणे बंधनकारक होते. बाहेर बिडी ओढत उभे राहणारे होतेच, पण आत बसलेलेही होते. विजया मुळे यांची 'एक अनेक और एकता' 1974ची. भीमसेन यांनी केलेली ती चिमण्यांची सातेक मिनिटांची फिल्म आजही पन्नाशीच्या माणसांना तोंडपाठ आहे, कारण दूरदर्शन ती पुन्हा पुन्हा दाखवत राहिले.

आणि लांब कशाला, धुळ्याहून पन्नास किलोमीटरवर मालेगाव आहे. तिथे नासिर शेख यांनी 2000च्या सुमारास हातमाग-यंत्रमागाच्या गावातली माणसे घेऊन 'मालेगाव के शोले' केला, त्याचे आजवर किती कौतुक झाले. त्या कौतुकात एक साधी गोष्ट मागे पडते: नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवत होते. पडदा आधी होता, सिनेमा नंतर आला.

आमच्या भागात ॲनिमेशनवर भाषण झाले की अजिंठा येतोच. सतराव्या लेण्यातल्या विश्वंतर जातकात एकच राजपुत्र एका भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसतो, नगर सोडताना, दान देताना, वनात. म्हणून अजिंठा हे आद्य ॲनिमेशन, असे वक्ते सांगतात आणि टाळ्या घेतात. मला हे फारसे पटत नाही, चित्र बघणाऱ्याने चालायचे आणि चित्रानेच चालायचे यात बराच फरक आहे. पण त्याच लेण्याच्या शिलालेखातून एक बोध होतो. लेणे करवून घेणाऱ्या मांडलिक राजाचे गुणगान तिथे कोरलेले आहे. रंगवणाऱ्यांची नावे नाहीत. आमची नावे कोरू नका, साहेब. भिंत तेवढी द्या.

आता लाटव्हियाचे उदाहरण देते, कारण ते अलीकडचे आहे आणि आकड्यांत बोलणारे आहे. 2025च्या ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा मान 'फ्लो' या सिनेमाला मिळाला. त्यात एकही संवाद नाही. पुरात सापडलेले मांजर आणि त्याचे सोबती. तो ब्लेंडरवर केला आहे, म्हणजे माझ्या लॅपटॉपवर असलेल्या, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर. दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस यांनी शाळेत असताना, 2012 साली, पाण्याला भिणाऱ्या मांजरावर 'ॲक्वा' नावाची छोटी फिल्म केली होती, त्यातूनच पुढे 'फ्लो' उगवला. मधल्या काळात त्यांनी आणखीही छोट्या फिल्मा केल्या. लाटव्हियाची लोकसंख्या वीस लाखांच्या आत आहे. 2011च्या जनगणनेत एकट्या धुळे जिल्ह्याची साडेवीस लाख भरली आणि जळगावची बेचाळीस लाखांवर. माणसे आमच्याकडे जास्तच आहेत. कमी आहे ती 'ॲक्वा' बघायला बसलेली पहिली वीस माणसे.

यूट्यूब आहे की, असे आपले अधिकारी म्हणतील. आहे. आमच्या अहिराणी बोलीतल्या गाण्यांना तिथे मिळणारी दाद बघून आम्हालाही उमेद येते. पण फोनवर फिल्म टाकली की मला मिळतो आकडा: इतक्यांनी पाहिली, इतक्यांनी अर्ध्यावर सोडली. का सोडली, ते कळत नाही. आमच्या गल्लीत मी मांड्यांची फिल्म दोन खिडक्यांच्या मधे चादर बांधून दाखवली, तेव्हा जे कळले ते कुठल्याही आलेखात कळले नसते. मी विनोद म्हणून टाकलेल्या जागी सगळे गप्प होते. मांडा हवेत असताना, जिथे मी काहीच केले नव्हते, तिथे बायका श्वास रोखून बसल्या आणि तो खापरावर पडल्यावर हसल्या. मागून एक आवाज आला, "बांगड्या कथा गयात वं माय तिन्या?" हातभर बांगड्या घातलेली बाई हात झुलवते आणि बांगड्या जागच्या हलत नाहीत, हे आमच्या वर्गात कुणाच्या लक्षात आले नव्हते. दुसरीने पुरण कमी भरल्याचे जाहीर केले. त्यावर दोघींची जुंपली ती निराळीच.

ॲनिमेशनमध्ये सगळा खेळ वेळेचा असतो. एक थांबा आठ फ्रेमचा ठेवायचा की चौदा, हे अंधारात बसलेल्या माणसांच्या श्वासावरून कळते. ही माणसे एकत्र बसलेली लागतात. आणि आजही आमच्याकडे तिकीट काढून, अंधारात, मोबाईल खिशात ठेवून मराठी माणूस नाटकाला बसतो. म्हणून मी थिएटर मागत नाही, महोत्सव मागत नाही. मुंबईचा आंतरराष्ट्रीय महोत्सव माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनसाठी 1990पासून चालू आहे, तो चांगलाच आहे. पण तो चारशे किलोमीटर लांब आहे आणि आजी गाडीत बसत नाही.

अडचणी मला दिसतात. नाटकवाले पहिल्यांदा नाराज होतील आणि त्यांचे बरोबर असेल. पडद्यामागे नेपथ्य लागलेले असते, नट रंगवून उभे असतात, त्यांचा मूड असतो. त्यात आमचे मांजर नाहीतर मांडा मधे यायला नको. म्हणून फिल्म तिसऱ्या घंटेआधी संपावी आणि मखमली पडद्यासमोर उभा करायचा गुंडाळता पडदा लगेच हलवावा. फिल्म पाच मिनिटांच्या वर नको. लांब फिल्म करायचा मोह आम्हा विद्यार्थ्यांना फार असतो, तो नियमानेच मोडलेला बरा. सार्वजनिक प्रदर्शनाला सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते, ते काढणे विद्यार्थ्याच्या आवाक्यातले नाही. महोत्सवांना केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळते. तशी सूट सगळ्या केंद्रांसाठी एकदमच आपल्या विभागाने मागितली तर आम्हाला कागदांमागे पळावे लागणार नाही.

निवड जिल्ह्यातच व्हावी. आणि बोलीची अट नको. माझ्या फिल्मचे एका ठिकाणी कौतुक झाले, लगेच सूचनाही झाली, की आवाज प्रमाण मराठीत घेतला तर ती "सगळीकडे चालेल". आजीला प्रमाण मराठीत मांडे करता येणार नाहीत, एवढेच मी उत्तर दिले. जळगावच्या पूर्वेकडची मुले लेवा बोलीत करतील, सातपुड्याकडची पावरीत करतील. बघणाऱ्याला चित्रावरून कळेल, नाही कळले तर शेजारच्याला विचारेल. शेजारच्याला विचारण्यात काही वाईट नाही, तेवढीच ओळख होते.

मानधनही असावे. थोडे चालेल, पण असावे. रोटोच्या प्रत्येक शॉटचे पैसे मिळतात आणि स्वतःच्या फिल्मचे मिळतात ते फक्त सर्टिफिकेट, असे चित्र असेल तर घरचे कोणते काम कर म्हणतील हे सांगायला नको.

पहिल्या वर्षी एकट्या जळगाव केंद्रावर करून बघावे. पडदा उभा करणे, गुंडाळणे, प्रोजेक्टरची वायर चिकटपट्टीने जमिनीला धरून ठेवणे, लाईट गेली तर लॅपटॉप वाचवणे ही कामे आम्ही विद्यार्थी करू. त्यासाठी वेगळा माणूस नेमण्याची गरज नाही. स्पर्धेचे वेळापत्रक लागण्याच्या महिनाभर आधी कळवले तर बरे पडेल. परीक्षा तेव्हाच असतात आणि रेंडरला रात्री लागतात.

कळावे,
आपली नम्र,
ॲनिमेशनची एक विद्यार्थिनी
धुळे, सध्या जळगाव